साभार परत: एका हस्तलिखिताचा मैसूर ते लंडन प्रवास

आजच्या व्याख्यानाचं नाव फलकावर लिहिलंय तेच, साभार परत. मराठीत लिहिणाऱ्या माणसाला या दोन शब्दांचा अर्थ कोशात बघावा लागत नाही. पूर्वी मासिकांच्या आणि प्रकाशकांच्या कचेऱ्यांतून या मजकुराची चिठ्ठी यायची. सोबत आपलंच बाड, आणि वर आपल्याच अक्षरात आपलाच पत्ता लिहिलेलं पाकीट. आता तीही येत नाही. ई-मेल जातो आणि पुढे काहीच होत नाही. सहा महिने झाले की आपण काय ते समजायचं. आमच्या मते चिठ्ठी बरी होती. निदान पाकीट चिकटवण्यापुरता तरी कुणाचा हात आपल्या कागदांना लागलेला असायचा.

कादंबरी लिहिणाऱ्याला हे जास्त लागतं. कविता परत आली, कथा परत आली, तर काही दिवसांचं, फार तर महिन्याचं काम परत आलेलं असतं. कादंबरी म्हणजे दोन वर्षं, चार वर्षं, आणि त्या वर्षांत घरच्यांनी सांभाळून घेतलेलं सगळं. ते एका ओळीत परत येतं तेव्हा माणूस फक्त नाराज होत नाही, आपण इतकी वर्षं घरच्यांना फसवत तर नव्हतो ना, असं त्याला वाटायला लागतं. तेव्हा विषय हलका नाही.

या विषयावर आपण सगळ्यांनी एका ठरावीक साच्याच्या गोष्टी ऐकलेल्या आहेत. अमक्याला इतक्या प्रकाशकांनी नाकारलं, तमक्याला तितक्यांनी, पण त्याने जिद्द सोडली नाही, आणि बघा आज. या गोष्टी खोट्या असतात असं नाही. पण त्या सांगतो कोण? ज्याचं पुस्तक शेवटी आलं तो. ज्यांचं आलं नाही त्यांची जिद्द कमी होती असं म्हणायला आपल्याकडे काहीही आधार नाही. आणि दुसरं असं की ‘जिद्द ठेवा’ म्हणजे उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे त्या गोष्टी सांगत नाहीत. तेच हस्तलिखित आणखी एका पत्त्यावर पाठवायचं? की ते फडताळात ठेवून दुसरं लिहायला घ्यायचं? की नोकरी शोधायची?

म्हणून आज आपण एकच उदाहरण घेऊ आणि ते जरा सावकाश बघू. आर. के. नारायण. दूरदर्शनवर शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’ बघून मोठी झालेली बरीच मंडळी इथे आहेत. मुंबईत ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘कॉमन मॅन’ काढणारे आर. के. लक्ष्मण हे त्यांचे धाकटे भाऊ, हेही बहुतेकांना ठाऊक असेल. नारायण घेण्याचं कारण असं की त्यांनी ‘माय डेज’ या १९७४ च्या आत्मकथनात आपला सुरुवातीचा काळ फार मोकळेपणाने, आणि मुख्य म्हणजे पैशांच्या हिशेबासकट सांगितलाय. शिवाय परिस्थिती आपल्या ओळखीची आहे. मोठं कुटुंब, वडिलांचा पगार, मुलगा बी.ए. झालेला, आणि मुलगा म्हणतो, आम्ही कादंबरी लिहिणार.

नारायण यांचा जन्म १९०६ चा, मद्रासचा. लहानपण आजीकडे गेलं. वडील मुख्याध्यापक, पुढे मैसूरला. मुख्याध्यापकाचा मुलगा असूनही स्वारी कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत नापास झाली होती, आणि त्या रिकाम्या वर्षात त्यांनी वाचन करून घेतलं. वडिलांच्या शाळेच्या ग्रंथालयात विलायती मासिकं यायची, ती हा मुलगा आधी वाचायचा. १९३० साली ते बी.ए. झाले. मग घरच्यांनी खटपट करून चन्नपट्टणच्या सरकारी शाळेत शिक्षकाची नोकरी लावून दिली. ती काही टिकली नाही. टिकावी अशी त्यांची फारशी इच्छाही नव्हती.

त्याच वर्षी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, बंगळूरला आजीच्या घरी त्यांनी वही उघडली आणि पहिलं वाक्य लिहिलं. मुहूर्त आजीने काढून दिला होता. आपल्याकडे दसऱ्याला पाटीपूजन करतात, सीमोल्लंघन करतात, तसंच म्हणा ना. मनासमोर एक छोटं रेल्वे स्टेशन आलं आणि त्याचं नाव मालगुडी असं त्यांना दिसलं. त्या स्टेशनच्या गावात पुढे त्यांनी साठेक वर्षं कथा-कादंबऱ्या घडवल्या. पण १९३० मध्ये हे कुणाला माहीत होतं? घरच्यांना दिसत होता तो नोकरी न करणारा चोवीस वर्षांचा मुलगा.

आता हिशेब. लेखन हाच धंदा करायचा असं ठरवल्यावर पहिल्या वर्षाची कमाई किती? नऊ रुपये बारा आणे. तीही कथेची नव्हे, सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या सागरी कायद्यावरच्या एका पुस्तकाच्या परीक्षणाची! (हशा.) हसू येतं खरं, पण बघा, हा माणूस नाही म्हणाला नाही. असलं पुस्तक वाचलं, परीक्षण लिहिलं, पैसे घेतले. लेखकाचा मान कशात आणि मान नसलेलं काम कोणतं, याचा विचार करत बसला नाही. नऊ रुपये बारा आण्यांत अर्थातच वर्ष निघत नव्हतं. वर्ष निघत होतं वडिलांच्या घरात, आईच्या स्वयंपाकावर. हे आम्ही मुद्दाम सांगतोय. कुठल्याही लेखकाच्या चिकाटीचं कौतुक करताना तेव्हा त्याचं जेवण कोण रांधत होतं हा प्रश्न विचारायची सवय आपण लावून घेऊ या.

कादंबरी पुरी झाली आणि प्रवास सुरू झाला. इंग्रजीत कादंबरी लिहायची तर ती छापायला लंडनशिवाय जागा नव्हती म्हटलं तरी चालेल. हिंदुस्थानात इंग्रजी शाळापुस्तकं छापणारे होते, कादंबरीवर पैसे लावणारे जवळपास नव्हते. म्हणजे बाड बांधायचं, टपालाचा खर्च करायचा, आणि वाट बघायची. विलायतेचं टपाल मुंबई बंदरातून आगबोटीने जायचं. जायला काही आठवडे, प्रकाशकाच्या टेबलावर काही आठवडे किंवा महिने, यायला पुन्हा आठवडे. एक नकार पदरात पडायलाच असा ऋतू उलटायचा. आणि हे पुन्हा पुन्हा झालं. कादंबरी जायची आणि टपालखात्याच्या शिस्तीने परत यायची.

इथे आपण जरा थांबू आणि विचारू, की त्या पुस्तकात नाकारण्यासारखं काय होतं? ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ज्यांनी वाचलंय त्यांना आठवेल. दहा वर्षांचा मुलगा, शाळेचा तिटकारा, दोन-तीन दोस्त, क्रिकेटची टीम काढायचा उद्योग, घरी आजी. मध्येच १९३० ची चळवळ येते, विदेशी कापडाची होळी होते, स्वामी आपली टोपी त्या होळीत टाकतो आणि मग घरी वडील ती टोपी खादीचीच होती म्हणून सांगतात. आपल्याकडे मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ वाचलेल्या माणसाला यात विचित्र काही वाटणार नाही. पण १९३० च्या सुमाराच्या लंडनमध्ये हिंदुस्थानावरची कादंबरी म्हणजे किपलिंग, किंवा फार तर १९२४ साली आलेली फॉर्स्टरची ‘अ पॅसेज टू इंडिया’. हिंदुस्थान ही गोऱ्या माणसाच्या आयुष्यात काहीतरी मोठं घडण्याची जागा. महाराजे, वाघ, छावणी, क्लब. नारायणांच्या पुस्तकात साहेबच नाही! एका गावातली माणसं आपापल्या उद्योगात आहेत, त्यांना लंडनची काही पडलेलीच नाही. असलं पुस्तक कुणाला विकायचं, हा प्रकाशकाचा प्रश्न खोटा नव्हता.

आणि नारायणांना हे कळत नव्हतं असं समजू नका. १९३३ साली ‘पंच’ या लंडनच्या विनोदी साप्ताहिकात त्यांचा एक लेख छापून आला. विषय होता, हिंदुस्थानी कादंबरी कशी लिहावी. विलायतेहून येऊन चार दिवसांत मसाला गोळा करून नेणाऱ्या लेखकांची त्यात थट्टा होती. म्हणजे लंडनला चालणारा माल कसा बनतो याची पाककृती त्यांना तोंडपाठ होती. थट्टा करण्याइतकी पाठ होती. तरी ती वापरून त्यांनी कादंबरी लिहिली नाही. स्वतःची कादंबरी परत येत होती त्याच काळात त्याच शहरातल्या साप्ताहिकाने हा लेख घेतला, ही गंमत वेगळीच.

तर मुद्दा असा, की नकार आला की तो वाचायला शिकावं लागतं. हा नकार लिखाणाला आहे, की या दुकानात हा माल खपणार नाही असा आहे? दोन्हीला चिठ्ठी एकच येते. लेखक मात्र दर वेळी पहिलाच अर्थ घेतो, आणि रात्री उठून पहिलं प्रकरण खोडायला बसतो. आमच्या ओळखीत असे लोक आहेत, ज्यांनी प्रत्येक नकारानंतर कादंबरी बदलली. तिसऱ्या वर्षी ती कुणाचीच राहिली नाही.

आता गोष्टीतला मुख्य माणूस येतो, आणि तो नारायण नव्हे. मैसूरचा त्यांचा एक मित्र, पूर्णा नावाचा, शिकायला ऑक्सफर्डला गेला होता. पुढे सगळे त्याला किट पूर्णा म्हणत. हस्तलिखित त्याच्याकडे राहिलं आणि तो लंडनच्या प्रकाशकांकडे ते पाठवत राहिला. तिथूनही नकार. शेवटी नारायण कंटाळले. त्यांनी मित्राला कळवलं की आता पुरे, त्या बाडाला दगड बांध आणि थेम्स नदीत बुडवून टाक.

ही ओळ आपण नीट ऐकली पाहिजे. ज्याच्या चिकाटीची गोष्ट आपण सांगतोय त्या माणसाने त्या पुस्तकापुरता हात टेकला होता. नाटक म्हणून नव्हे, खरोखर. न थांबणारा होता तो पूर्णा. त्याने बाड बुडवलं नाही. त्या काळात ऑक्सफर्डमध्ये ग्रॅहम ग्रीन राहत होता. तिशीतला लेखक, ‘स्टॅम्बूल ट्रेन’ येऊन दोन-तीन वर्षं झालेली, नाव व्हायला लागलेलं. पूर्णाने त्याच्याशी ओळख केली आणि ते बाड त्याच्या हातात दिलं. ग्रीनने ते वाचलं. त्याला ते मनापासून आवडलं, आणि त्याने हॅमिश हॅमिल्टन या प्रकाशकाकडे शब्द टाकला. मैसूरला तार आली, कादंबरी घेतली, श्रेय ग्रॅहम ग्रीनचं, अशा आशयाची. १९३५ साली ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ प्रसिद्ध झाली. दसऱ्याला वही उघडल्यापासून पाच वर्षं.

इथे कुणीतरी म्हणणारच, म्हणजे शेवटी वशिलाच की. दर वेळी कुणीतरी म्हणतं, आणि प्रश्न टाळण्यासारखा नाही. आम्हाला वाटतं, वशिला आणि वाचक यांत फरक आहे. वशिला म्हणजे माणूस ओळखीचा म्हणून काम होणं. ग्रीन नारायणांना ओळखत नव्हता. दोघांची पहिली भेट १९५६ साली लंडनमध्ये झाली, म्हणजे पुस्तक येऊन वीस वर्षं उलटल्यावर. ग्रीनच्या हातात होते ते फक्त टाइप केलेले कागद. पण म्हणून हे सगळं निव्वळ गुणवत्तेवर झालं असंही आम्ही म्हणणार नाही. शेजारपाजारचा दोस्त ऑक्सफर्डला असणं, घरात इंग्रजी मासिकं येणं, पाच वर्षं कमावलं नाही तरी ताट मिळणं, हे मैसुरातल्या किती मुलांच्या वाट्याला आलं असतं? हे सगळं नसलेल्या एखाद्या मुलाने तितकीच चांगली कादंबरी तेव्हा लिहिली असेल, तर ती आपल्याला आज माहीत नाही. इतकंच म्हणता येईल.

टेबलाच्या पलीकडच्या बाजूला काय चालतं तेही एकदा बघून घेऊ, कारण नारायणांच्या बाबतीत प्रकाशकांनी आत काय म्हटलं ते आपल्यासमोर नाही. दुसऱ्या एका पुस्तकाच्या बाबतीत ते पुढे उघड झालं. विल्यम गोल्डिंग, इंग्लंडमध्ये सॉल्झबरीच्या शाळेत मास्तर, चाळिशी ओलांडलेला. आधी लिहिलेल्या कादंबऱ्या छापल्या गेल्या नव्हत्या. नवी कादंबरी त्याने शाळेच्याच वह्यांत लिहिली, तासांच्या मधल्या वेळात. ती अनेक प्रकाशकांकडून फिरून १९५३ च्या सप्टेंबरात फेबर अँड फेबरकडे आली तेव्हा कागदांचे कोपरे दुमडलेले आणि पिवळे पडलेले होते. हे बाड बरेच दरवाजे बघून आलंय, हे पाहणाऱ्याला एका नजरेत कळावं असं. प्रकाशनसंस्थेच्या अनुभवी वाचकबाईंनी शेरा मारला, विक्षिप्त, नीरस, निरर्थक. बाड परतीच्या ढिगात गेलं.

चार्ल्स माँटिथ नावाचा एक नुकताच लागलेला तरुण, आधी वकिली केलेला, त्याने ते ढिगातून उचललं. सुरुवातीची पानं त्यालाही आवडली नाहीत. पण तो पुढे वाचत गेला आणि अडकला. त्याने सहकाऱ्यांशी वाद घातला आणि गोल्डिंगला कळवलं की सुरुवातीचा अणुयुद्धाचा भाग काढा, सायमन या मुलाभोवतीचं गूढ वलय कमी करा. नावही बदललं. आधीचं होतं ‘स्ट्रेंजर्स फ्रॉम विदिन’. १९५४ साली ते ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ म्हणून आलं. वाचकबाई मूर्ख होत्या असं आम्ही म्हणणार नाही. ढिगाने बाडं चाळणारा माणूस पहिल्या पानांवरच निकाल देतो, आणि पहिली पानं खरंच कच्ची होती. ती कच्ची आहेत हे माँटिथनेही सांगितलं. फरक इतकाच की त्याने कुठे कच्ची आहेत ते सांगितलं.

म्हणून नकारांत एक जात वेगळी काढून ठेवा. ज्यात ‘हे प्रकरण लांबलंय’, ‘ही बाई मध्येच नाहीशी होते’ असं काहीतरी नेमकं सांगितलेलं असतं, तो नकार जपून ठेवायचा. त्या माणसाने आपलं बाड वाचलंय. अशा चार ओळी मिळाल्या तर आधी त्यावर काम करा, मग पुढचा पत्ता शोधा. बाकीच्या चिठ्ठ्यांतून शिकण्यासारखं काही नसतं, त्या मोजूही नका.

नारायणांकडे परत येऊ. कुठे वाकायचं आणि कुठे नाही, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. कादंबरीचं मूळ नाव होतं ‘स्वामी, द टेट’. इंग्लंडचा गोलंदाज मॉरिस टेट, त्याच्यावरून मुलं स्वामीला टेट म्हणतात. ग्रीनने ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ सुचवलं. लेखकाचं नाव नारायणस्वामी, तेही इंग्रजी ग्राहकाला लांब वाटेल म्हणून ग्रीनने छाटून सुटसुटीत करायला सांगितलं. आपलं नाव छाटायला कुणाला आवडेल? नारायणांनी दोन्ही मानलं. इंग्रजीवरून ग्रीनचा हात फिरला, तेही चालवून घेतलं. पण त्या पुस्तकात मालगुडीत साहेब आणून बसवला नाही. मुखपृष्ठावरच्या गोष्टी सोडल्या, आतली माणसं सोडली नाहीत.

आणि आता या गोष्टीचा तो भाग, जो सहसा सांगितला जात नाही. आपण ‘प्रकाशनापर्यंतचा प्रवास’ म्हणतो, जणू पुस्तक आलं की गाडी मुक्कामी पोचली. ‘स्वामी’चं परीक्षणांत कौतुक झालं, पण खप झाला नाही. पुढची कादंबरी हॅमिश हॅमिल्टनने घेतली नाही. म्हणजे पुन्हा साभार परत, या वेळी ओळखीच्या दारातून! ‘द बॅचलर ऑफ आर्ट्स’ १९३७ साली नेल्सनने काढली, ग्रीनच्या प्रस्तावनेसह. तीही फारशी खपली नाही. ‘द डार्क रूम’ १९३८ साली मॅकमिलनने. तीन कादंबऱ्या, तीन प्रकाशक. दर वेळी नव्याने सुरुवात.

मध्यंतरी लग्न झालं होतं, राजम घरात आली होती. लग्नानंतर नारायणांनी ‘द जस्टिस’ या मद्रासच्या पत्रासाठी मैसूरची बातमीदारी केली. कोर्टकचेऱ्या, नगरपालिका, बाजार सगळीकडे फिरायचं आणि किती मजकूर छापून आला त्यावर पैसे. हे पत्र ब्राह्मणेतर चळवळीचं आणि बातमीदार अय्यर घरातला, पण काम झालं. मालगुडीतल्या कितीतरी माणसांची ओळख या भटकंतीत झाली असणार, असा आमचा तर्क आहे. १९३७ साली वडील वारले, म्हणजे घराचा मुख्य आधार गेला. मैसूर सरकारने संस्थानावर प्रवासवर्णन लिहायचं काम दिलं, ते घेतलं. आणि १९३९ मध्ये राजम विषमज्वराने गेली. पदरात लहान मुलगी.

नंतर बराच काळ कादंबरी नाही. ‘द इंग्लिश टीचर’ १९४५ साली आली, बायको गमावलेल्या शिक्षकाची. चौथा प्रकाशक, आयर अँड स्पॉटिसवूड. ग्रीन त्या सुमाराला तिथेच काम करत होता. या मधल्या वर्षांना आपण काय म्हणणार, हार मानली म्हणायचं? चिकाटीच्या भाषणांत अशा वर्षांना जागाच नसते. माणूस काही वर्षं लिहीत नाही, कारण त्याला जगायचं असतं, मुलीला वाढवायचं असतं.

त्याच वर्षांत युद्धामुळे विलायतेशी दळणवळण तुटलं आणि लंडनच्या प्रकाशकांवर विसंबून राहणं अशक्य झालं. तेव्हा नारायणांनी मैसूरला स्वतःची ‘इंडियन थॉट पब्लिकेशन्स’ ही संस्था काढली. ‘मालगुडी डेज’ हा कथासंग्रह प्रथम तिथून निघाला. आज आपण ज्या नावाने त्यांना ओळखतो ते पुस्तक त्यांनी घरच्याच प्रकाशनातर्फे काढलं होतं. मग ‘द गाइड’ १९५८ मध्ये आणि तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार, आणि देव आनंदचा चित्रपट. ते सगळं तुम्हाला माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही.

स्वतः छापण्याची वाट मराठीला नवी नाही. ‘सत्यकथा’ हे एकेकाळी दर्जाचं मोजमाप होतं, आणि म्हणूनच तिथला नकार झोंबायचा. १९६९ साली तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, राजा ढाले त्यात पुढे होते. पण होळीपेक्षा आम्हाला महत्त्वाची वाटतात ती त्याच पिढीने काढलेली लघुनियतकालिकं. चक्रमुद्रित, चार-आठ पानांची, कधी दोन अंकांत बंद पडणारी. अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढल्या, त्याही त्याच वातावरणातून. कवितेचं पातळ पुस्तक स्वतः काढता येतं. चारशे पानांच्या कादंबरीचा कागद जास्त लागतो, हा फरक मात्र लक्षात ठेवा.

आणि एक सावधगिरी. हल्ली नकारापेक्षा काही होकार महाग पडतात. तुमची कादंबरी आवडली, एवढे हजार भरा, एवढ्या प्रती घ्या, असे. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा काहीच नाही, नारायणांनीही आपली संस्था काढलीच. पण मग किती प्रती छापल्या, त्या कुठे ठेवल्या, कोण विकणार, हे सगळं कागदावर लिहून घ्या. पहिलंच पुस्तक असेल तर राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदानाची योजना आहे, तिची चौकशी करा.

दोन चिठ्ठ्या आल्यात, त्या घेतो आणि थांबतो.

पहिली चिठ्ठी: ‘तीन प्रकाशकांनी नाही म्हटलं. पाच वर्षं झाली. थांबावं का?’ चिठ्ठीवर नाव नाही, बरं केलंत. तिघांपैकी कुणी काही नेमकं सांगितलं होतं का, ते आधी बघा. नसेल, तर ओळखीत नसलेले, पण कादंबऱ्या वाचणारे दोन वाचक गाठा. लेखकच हवेत असं नाही. गावच्या वाचनालयातल्या बाईंना विचारा, जास्त कादंबऱ्या घरी कोण नेतं? त्या माणसाला बाड द्या आणि एवढंच विचारा, की कुठल्या पानावर वाचन थांबलं. आणि ते बाड बाहेर असताना दुसरं काहीतरी लिहायला घ्या. पहिली कादंबरी थांबली तर थांबू द्या. नारायणांनी तर ती बुडवायलाच सांगितली होती.

दुसरी: ‘लिहिण्यासाठी नोकरी सोडावी का?’ नारायणांनी सोडली, पण तेव्हा वडील होते. गोल्डिंगने पहिली कादंबरी गाजल्यावरही आणखी काही वर्षं मास्तरकी केली आणि १९६० नंतरच शाळा सोडली. घरात दुसरा पगार आहे का, हे आधी घरी बसून बोला, आणि ज्यांच्याशी बोलायचं त्यांना कादंबरीची निदान चाळीस पानं वाचायला द्या. ज्यांच्या जिवावर लिहायचं त्यांना आपण काय लिहितोय तेच ठाऊक नसतं, असं आम्ही फार घरांत पाहिलंय.